घागरीखालचं कडं

अण्णा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. जाऊन इतकी वर्षं झालेल्या बापाला पहिल्याच ओळीत असं लिहू नये हे मला कळतं, पण तुम्ही असतात तर तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती. म्हणून आता बोलून घेतो.

धारूरच्या आपल्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वर, तुम्ही खळीनं एक पान चिकटवलं होतं. बीडच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं. काळाभोर माणूस, डोक्यावर केसांचं टोपलं, गळ्यात गिटार, डोळे मिटलेले. पलीकडे बुद्धाची तसबीर, अलीकडे हा. आईनं भाकरी थापता थापता विचारलं होतं, "ह्यो कोण पावना आणला?" तुम्ही शाळेत फळ्यासमोर उभे राहायचात तसे उभे राहिलात. "हे रॉक म्हनत्यात ते गानं ह्याच्या लोकांनी काढलंय. गोऱ्यांनी मागनं उचललं आन् नाव केलं." मग माझ्याकडं वळून म्हणालात, "ह्यात कुनी जात इचारत न्हाई बग. आपल्यापरीस काळा हाय, तरी समदी दुनिया त्याला बघतीय." उचललं, हे तुम्हाला ठाऊक होतं अण्णा. ज्याचं उचललं त्याचं पुढं काय झालं, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? निम्माच धडा शिकवून तास संपवलात.

आणि त्याच्या आधीचा तो दिवस. आजोबांच्या हलगीचं चामडं तुम्ही मास्तर झालात त्या दिवशी विळ्यानं फाडलं होतं म्हणे. उरलं नुसतं लोखंडी कडं. ते आईनं घागरीखाली ठेवलं, घागर कलंडू नये म्हणून. मी घागर बाजूला काढून त्या कड्यावर लाटणं वाजवत बसलोय, आणि तुम्ही शाळेतून येताय. तुमचा हात माझ्या गालावर कधी पडला ते मला कळलंच नाही. "माझ्या बापानं लोकांच्या दारात वाजवून शिळी भाकर खाल्लीया. आपल्या वस्तीनं टाकली ती हलगी. तू कावून हात लावतो?" तुम्ही मला मारलं ते तेवढ्याच वेळी. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, असं आई सांगते. पुढच्या महिन्यात बीडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी गिटार घेऊन आलात, गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून. मांजरसुंब्याला गाडी बदलताना कुणीतरी विचारलं होतं, "मास्तर, सतार हाय का?" हे तुम्ही पुढं किती जणांना हसून सांगितलंत! "न्हाई म्हनलं, गिटार हाय. पोरगं वाजवनार हाय."

पोरगं वाजवायला लागलं, अण्णा. पुण्यात बँडमध्ये शिरलं. तुमचं खोटं तिथं पहिल्याच दिवशी उघडं पडलं. गिटारीच्या तारा जुळवायच्या आधी आडनाव विचारलं गेलं. अगदी प्रेमानं, बरं का. "मूळचे कुठले तुम्ही?" मी बीड म्हणालो की, "हो, पण बीडमध्ये कोण?" कार्यक्रमाच्या आधी मी स्टेजवर उभा असलो की साउंडवाला हमखास ओरडायचा, "ए, ती केबल उचल रे." एकदा उचलली, दोनदा उचलली. नंतर गिटार गळ्यात अडकवूनच गाडीतून उतरायला लागलो. वाजवायचो बरा. त्यावर कुणी वाद घातला नाही. पण पोस्टरवर माझा चेहरा कायम कडेला, आणि बहुतेक वेळा अंधारात. फोटोत उजेड कमी पडला, असं म्हणायचे.

मग यंदा काय झालं ते ऐका. एका मोठ्या महोत्सवाचं आमच्या बँडला बोलावणं आलं. रॉक म्हणजे ठरावीक घरांतली ठरावीक पोरं, अशी टीका होत होती, म्हणून आयोजकांना यंदा सगळ्या थरांतले वादक हवे होते. पोस्टर आलं. मी मधोमध! उजेड अगदी झकास पडला होता. मी मूर्खासारखा नवा शर्ट घेतला. आईला फोन करून सांगितलं. तालमीला गेलो तर माझ्या जागेवर दुसराच एक गिटारवाला बसलेला, आणि आयोजक बाईंच्या हातात हलगी. कोरी, प्लास्टिकच्या पडद्याची, शेकायची कटकट नसलेली. "गिटार काय, कुणीही वाजवेल," त्या म्हणाल्या. "हे तुझं आहे. तुझ्या रक्तात आहे." मी म्हणालो, मला येत नाही. सगळे हसले. त्यांना तो माझा विनय वाटला. मी काड्या घेतल्या आणि वाजवलं. पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज निघाला. कुणी हसलं नाही आता. मग आमचा ड्रमर पुढं आला. कोथरूडचा पोरगा, मनाचा वाईट नाही. म्हणाला, "दे इकडे, मी वर्कशॉप केलंय." आणि त्यानं वाजवली. छान वाजवली.

ठरलं असं की हलगी त्यानं वाजवायची, आणि मी नुसतं पुढं उभं राहायचं. पोस्टर छापून झालं होतं ना. मी गिटार उचलली आणि बाहेर पडलो. कार्यक्रम झाला, गाजला. पोस्टरवर चेहरा माझाच राहिला.

सांगा अण्णा, आता मी कुठला? गिटार त्यांच्या मते माझी नाही. हलगी तुम्ही माझी होऊ दिली नाहीत. तुमचा राग मला समजतो, त्या शिळ्या भाकरीचा अपमान समजतो. पण तुम्ही टाकलेली वस्तू दुसऱ्यानं उचलली, धुतली, पुसली, आणि तिच्यावर टाळ्या घेतल्या. तुमच्या त्या भिंतीवरच्या पानासारखंच झालं की हे!

त्याच आठवड्यात घरी गेलो. आई विहारात गेली होती. मी घागर उतरवली आणि कडं हातात घेतलं. कसं धरतात तेही मला कळेना. मागून आईचा आवाज आला, "तसं न्हाई. खांद्याला टेकव." तिनं माझं मनगट वळवून दिलं. मी विचारलं, तुला कसं ठाऊक? ती चुलीकडं बघत म्हणाली, "आमच्या गावच्या लग्नात तुज्या बापानं वाजविली व्हती. मास्तर व्हायच्या आदी. डोळं मिटून वाजवायचा. लई भारी. ते बघूनच मी हो म्हनले."

तुम्हाला येत होती. इतकी येत होती, आणि तुम्ही विळा चालवलात. मला एकदाही ऐकवली नाहीत. ह्याची चीड त्या पुण्यातल्या सगळ्यांच्या चिडीपेक्षा मोठी आहे, आणि ती जात नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार? गिटारीच्या पेटीत राहील. एवढंच सांगायचं राहिलं की कडं मी पुण्याला आणलंय. त्यावर चामडं चढवायला धारूरच्या बाजारातला एक म्हातारा तयार आहे, माझीच अजून हिंमत होत नाही. आईच्या घागरीखाली सध्या विटा लावल्यात.