कोऱ्या कुर्त्यांची हळद

आई,

तुला लिहायचं लिहायचं म्हणत किती दिवस टाळलं ते मोजलेलं नाही. कधी पेन नव्हता, कधी गावच बदललं, आणि तू बोलायचीस तशी मराठी मला लिहिता येत नाही, अर्धी हिंदी होऊन जाते. बारा वर्षं झाली तुला जाऊन. आज डबा खाऊन झाला, मशीन भरलेली आहे, रंग चढायला तासभर तरी लागेल, म्हणून बसले. ताईला एक गोष्ट सांगायची आहे, ती आधी तुला सांगून पाहते. ताई तीन वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही. मी घरातून का पळाले ते तिला माहीत नाही.

मी सध्या जबलपुरातच आहे. तिरुपूर, सुरत, मध्ये काही महिने जयपूरकडे, सगळीकडे रंगाच्याच कामावर होते, पण टिकले कुठेच नाही. आता शहराबाहेर एक रंगाईचा कारखाना आहे, तिथे आहे. काम काय, तर शिवून आलेले पांढरे कुर्ते उजेडात धरायचे आणि डाग शोधायचे. तेलाचा, मेंदीचा, घामाचा. डाग असला की तिथे रंग नीट बसत नाही. आपल्या घरी कुर्ते शिवायला आणून द्यायचे त्या मास्टरजींना तू विचारायचीस ना, "आधी शिवता काहून, अन् मग रंगवता काहून? सगळं उलटंच." ते नुसते हसायचे. त्यांनाही माहीत नसेल. मला आता माहीत झालं आहे, ऐक. यंदा लोक कोणता रंग घेतील ते ब्रँडवाल्यांना आधी कळत नाही. कापड आधीच रंगवून कपडे शिवले, आणि तो रंग कोणी घेतलाच नाही, तर सगळा माल पडून राहतो. म्हणून पांढरंच शिवून ठेवायचं. दुकानातून निळं मागितलं की निळ्यात बुडवायचं, थोडेच हवे असले तर थोडेच. आणि दुसरं म्हणजे असा कपडा मऊ होतो, शिवणीपाशी जरासा आकसतो, तिथे रंग कमीजास्त धरतो, आणि कोरा करकरीत असूनही कोणीतरी दोन वर्षं अंगात घातल्यासारखा दिसतो. लोक मुद्दाम तेवढ्यासाठी घेतात. गरम पाण्यात आटतो म्हणून आधी मोठा शिवावा लागतो. तुला वाटायचं माप देणारा येडा आहे. "हत्तीणीसाठी आहे का व हे?" म्हणायचीस. अन् धागा सुतीच पाहिजे, दुसरा लावला तर कपडा निळा होतो आणि टाके पांढरेच राहतात. आमचा मशीनवाला भैया असलाच एक बिघडलेला शर्ट घालतो. परवा त्याच्या स्कूटरवर आम्ही बरगीला मासे आणायला गेलो, तर मासेवाली त्याला म्हणते, "भैया, आपका तो एक्स-रे निकल आया!" खूप हसलो. म्हणजे ते दोघं हसले. कुठून कुठे गेले मी.

ती दुपार. बाबा दवाखान्यात भरती, ताई नेपियर टाउनला क्लासला, तू बाबांचा डबा घेऊन निघालेली. घरात चाळीस कुर्ते, दोरे कापून, घड्या घालून, पलंगावर रचलेले. सकाळीच शेजारची चाची दारात उभी राहून म्हणाली होती, "भाभी, आदमी अस्पताल में, और घर में सफ़ेद ही सफ़ेद. अच्छा नहीं लगता." तू सुईत दोरा ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सफ़ेद नहीं है, कोरा है. रंग बाकी है इसका." चाची गेली. मला मात्र पांढरंच दिसून राहिलं होतं. नवा कपडा अंगात घालायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात हे तूच शिकवलेलं. ह्या कपड्यांना लावायचं नाही हेही तूच सांगितलेलं, दोनदा. "ते आपले नव्हेत. अन् रंगात जायचे आहेत." मी नऊ वर्षांची. वाटीत हळद कालवते आहे. एकेक कुर्ता उलटा करून आतल्या कोपऱ्याला बोट लावते आहे. कुंकू नाही, ते लगेच दिसलं असतं. चाळीसही झाल्यावर तुझ्यासारख्याच घड्या घातल्या. बाबांचं नाव घेत होते की नाही, आठवत नाही.

रंग पक्का बसावा म्हणून पाण्यात सोडा घालतात. सोडा लागला की हळद लाल होते, हे मी आता रोजच्या कामात शिकले. मशीन फिरताना कपडे एकमेकांवर घासतात, आतला डाग बाहेर येतो. आठ दिवसांनी मास्टरजी गठ्ठा घेऊन दारात. फिकट आकाशी कुर्ते आणि सगळ्यांवर मळकट ठिपके. "बहनजी, ये क्या है? पूरा लॉट वापस आया. किसने लगाया?" तू एक कुर्ता उलटा केलास. आतल्या कोपऱ्यात एवढासा डाग होता. त्यावर तू तुझं बोट ठेवलंस. डाग पूर्ण झाकला गेला, तरी तुझं बोट उरलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "मैंने लगाया. हमारे यहाँ नए कपड़े को लगाते हैं." मास्टरजी म्हणाले, "तो पहनने वाला लगाएगा ना, बहनजी! आप काहे को?" ते गेल्यावर मला म्हणालीस, "जेवून घे." तेवढंच. पुढे कधी विषय नाही. काम त्या दिवसापासून बंद. बाबा तोवर घरी आले होते. मी मनात म्हटलं, हळदीनं आणले. त्यामुळे मला नीट वाईटही वाटलं नाही.

ताईचा क्लास पुढच्याच महिन्यात सुटला. तिला शाळेत शिकवायचं होतं. ती घमापुरात कापडाच्या दुकानात उभी राहिली, अजून उभी आहे. तीन वर्षांपूर्वी तुझ्या श्राद्धाला जेवता जेवता म्हणाली, "आईनं एक बोट लावलं हळदीचं, अन् मी काउंटरवर उभी झाली ती झालीच." मी वरण वाढून राहिले होते. म्हटलं, "सोड ना आता." तर म्हणाली, "तुला काय माहीत? तू लहान होतीस." दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता मी तिरुपूरची गाडी धरली, बाबांना तिच्यावर टाकून.

आणखी एक आहे, ते तिरुपूरला कळलं. हळदीचा डाग साबण लावून कडक उन्हात टाकला की जातो. एक दिवस पुरतो. तुला हे माहीत होतं, बाबांच्या बनियनवरचे भाजीचे डाग तू असेच घालवायचीस. त्या संध्याकाळी तू रिकामा डबा घेऊन आलीस तेव्हा मी तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गच्चीवर चाळीस कुर्ते वाळत पडले असते, बस. आता कधीमधी हळदीचा कुर्ता माझ्या हाती लागतो. कोणाच्या घरून शिवून आला ते चिठ्ठीवर असतं. मी चिठ्ठी वाचत नाही. साबण लावते, वर उन्हात टाकते. रडू वगैरे येत नाही. वाळला की काढून आणते.

मशीनवाला भैया आत्ता सांगून गेला, "दीदी, गेट पे कोई आई हैं. बोलती हैं बड़ी बहन हूँ." खिडकीतून पाहिलं. ताईच आहे. उन्हात उभी, डोक्यावर पदर, हातात डब्याची पिशवी. पत्ता कोणी दिला तिला, देव जाणे. हा कागद मी सोड्याच्या पोत्याखाली सरकवते. भैयाला म्हटलं, "अंदर भेज दो." पण आई, ते म्हणायच्या आधी मी मागचं फाटक उघडं आहे का ते पाहून घेतलं.

उघडं आहे.