उशी परत मिळणेबाबत

हिंगोली,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

आयुष्मती पद्मास,

दादाचा जय भीम. आईची तब्येत ठीक, तुझ्या वहिनीचा आवाज ठीक, म्हणजे घर ठीक. नागपुरात थंडी किती आहे आणि तुमच्या ऑफिसातला तो नवा साहेब माणसात आला की नाही, ते कळव.

लिहिण्याचं कारण माझी उशी. मागच्या आठवड्यात सोमवारी ती एका परकीय सत्तेने ताब्यात घेतली आणि तेव्हापासून मी, वय वर्षे बावन्न, संस्कृतचा एम. ए., दुमडलेल्या सतरंजीवर मस्तक ठेवून निद्रेची आराधना करतो आहे. मान डावीकडे वळत नाही. वर्गातल्या डाव्या रांगेतल्या मुलांना वाटतं, सरांनी आपल्यावर बहिष्कार टाकला. घरात दाद मागितली, तर आई म्हणाली, "पावणी हाय ती. तुला एका उशीनं काय मरण येऊन राहिलं?" खटला तिथेच निकाली निघाला.

परकीय सत्ता म्हणजे हिरुनी. श्रीलंकेची, वय वीस, आपल्या कराटे स्पर्धेसाठी आलेली. फोनवर तू "बरं दादा" म्हणतेस आणि विषय संपतो, म्हणून सगळं कागदावर सांगतो. कागदाला "बरं" म्हणता येत नाही.

यंदा सतरावी स्पर्धा. करोनाची दोन वर्षं सोडली तर एकही खाडा नाही. तुला आठवतं ना, जवळा बाजारच्या कापसाच्या शेडमध्ये पहिल्या वर्षी अडतीस खेळाडू होते, खाली मंडपवाल्याच्या गाद्या, आणि आपल्या प्रमोदने फलकावर ठणठणीत अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय' लिहून ठेवलं होतं. सर्वांत दूरचा खेळाडू परभणीचा. मी म्हणालो, "अरे, निदान तेलंगण तरी गाठू दे." तर म्हणाला, "फलक आज लावू, राष्ट्रं सावकाश येतील." त्या दिवशी मी हसलो. गेल्या शुक्रवारी क्रीडा संकुलात नऊ राष्ट्रांचे अकराशे चाळीस खेळाडू संचलनात चालले आणि माइकवर त्यांची नावं मी पुकारली. भूतानच्या ध्वजावरचा ड्रॅगन नरसीच्या जळबा टेलरने शिवला होता. तो किंचित घोरपडीवर गेला आहे, पण भूतानच्या पोरांनी जळबाला मध्ये घेऊन त्याच्यासोबत फोटो काढले. प्रमोद, आता सगळ्यांचा सेन्सेई म्हणजे कराटेगुरू, पांढऱ्या केसांचा, काळ्या पट्ट्याचा, मंचावर नुसता उभा होता. भाषण तयार होतं. ते त्याने खिशातच ठेवलं.

एवढी वाढ कशी झाली म्हणून परवा एक पत्रकार विचारत होता. मी शंकरसिंगकडे बोट दाखवलं. पाचव्या वर्षी नेपाळची तीन पोरं आली, नेमकी लग्नतिथ दाट, एकही लॉज रिकामा नाही. पुसेगावाकडच्या तांड्यावरचा हा माणूस ट्रॅक्टर घेऊन बाजाराला आलेला. म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं खाटा लई हायेत. पोरं काय खात्यात तेवढं सांगा." ट्रॉलीत बसून नेपाळ तांड्यावर गेला. पुढच्या वर्षी तिघांचे अकरा झाले. तेव्हापासून दंडक पडला: पाहुणा खेळाडू घरातच उतरवायचा. आता लॉज भरपूर आहेत, पण कोणी उतरत नाही. लोक घरं नोंदवायला आधीपासून रांग लावतात, आणि "आम्हाला बांगलादेशच पाहिजे, मागच्या वर्षीची पोरगी येणार हाय," अशी भांडणं निवास समितीला सोडवावी लागतात. निवास समिती म्हणजे मी.

समितीचा एकच कडक नियम: ज्या घरात आपला खेळाडू, तिथे त्याच गटाचा पाहुणा ठेवायचा नाही. एका ताटात जेवून समोरासमोर उभं राहणं कुणाला जमत नाही. हा नियम मीच केला आणि यंदा माझ्याच घरात मोडला.

माझी लेक करुणा पंचावन्न किलोंच्या गटात, हिरुनी पन्नासच्या. कागदावर सगळं निर्दोष. पण पहिल्याच सकाळी हिरुनी आपल्या बुद्धमूर्तीपुढे बसली आणि त्रिशरण-पंचशील म्हणू लागली. आई स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी बाहेर आली आणि तिच्या सुरात सूर मिसळला. दोघींना एकमेकींचं एरवी एक अक्षर कळत नव्हतं, हे मात्र शब्दन्‌शब्द सारखं. झालं. तेव्हापासून ते लेकरू आईचं. त्यात बुधवारी संक्रांत. गुळाच्या पोळ्या, वर तूप, परत पोळ्या. गुरुवारी संध्याकाळी वजन केलं, तर काटा एक्कावन्नच्या पुढे! आपल्या स्पर्धेत वजन वाढलं की खेळाडू वरच्या गटात.

प्रमोद माझ्यावर धावून आला. "अमृत, काहून एवढं खाऊ घातलं रे? देश बुडवला तिचा!"

आईला सांगितलं, तर ती त्याच्यावर उलटली. "समिंदरापलीकडून आलेल्या लेकराला मी अर्धी पोळी वाढू व्हय? तुमचा काटाच खोटा आसंल."

रविवारी अंतिम सामना लागला: लाल पट्टा करुणा, निळा पट्टा हिरुनी. आणि आता तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी घरात कुणाला ठाऊक नाही.

गुरुवारी सकाळी मी मुलींच्या खोलीत उशी गुपचूप परत आणायला गेलो होतो. हिरुनी धावायला गेली असेल असा हिशोब. उशी तिच्या अंथरुणावर नव्हतीच. ती करुणाच्या डाव्या गुडघ्याखाली होती. पोरगी झोपेत होती आणि गुडघा चांगला बेलफळाएवढा सुजलेला, वर कसल्यातरी तेलाचा वास. तेवढ्यात हिरुनी गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. मला पाहून थबकली आणि ओठांवर बोट ठेवलं. मी दार लोटलं आणि बाहेर आलो.

हिरुनीचं हत्यार एकच. समोरच्याच्या पुढच्या पायाला झटका देऊन त्याला लोळवायचं आणि वरून ठोसा. तीन गुण. दोन दिवसांत पाच जणी अशा आडव्या केल्या होत्या. करुणाचा पुढचा पाय म्हणजे डावा.

सामना तीन मिनिटांचा. अडीच मिनिटं हिरुनीने पाय उचलला नाही. नुसते हात. गुण तीन-तीन. शंकरसिंग माझ्यामागेच बसला होता. "गुरुजी, ह्या पोरीचा पाय आज कुठं हरवला?" मी माइकवर गुण वाचून दाखवले. आई तर पहिल्या रांगेत बसून दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होती.

करुणाच्याही ध्यानात आलं. पंचांनी दोघींना सोडवून परत जागेवर उभं केलं, तेव्हा तिने डावा पाय मुद्दाम हातभर पुढे रोवला आणि आखाड्यातल्या पैलवानासारखी त्या मांडीवर थाप मारली. ये! पंचांनी तिला ताकीद दिली, पण अख्ख्या संकुलाने शिट्ट्या मारल्या. हिरुनीने तिच्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि शेवटच्या काही सेकंदांत झटका दिला. खरा, पूर्ण ताकदीचा. करुणाने पाय उचलला होता. झटका हवेतून गेला आणि करुणाचा ठोसा हिरुनीच्या बरगडीवर. चार-तीन. घंटा.

छप्पर खाली यायचं ते राहिलं. शंकरसिंगने पागोटं उडवलं, ते अजून सापडलेलं नाही. प्रमोद रडला. हिरुनीनेच करुणाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. लोकांना वाटलं काय हा खिलाडूपणा! मला माहीत होतं, तिला चालू द्यायचं नव्हतं म्हणून उचललं. सतरा स्पर्धांत हे सुवर्ण दुसऱ्यांदा आपल्या घरात आलं. पहिलं तुझं. दरवर्षी उद्घाटनाला 'पहिली विजेती पद्मा' असं मी मोठ्याने वाचतो आणि टाळ्या पडतात. तू मात्र त्या वर्षानंतर एकदाही स्पर्धेला आलेली नाहीस आणि काहून म्हणून मीही विचारलं नाही. मला कारण ठाऊक आहे.

पदक घ्यायला करुणा तीन पायऱ्या चढली. प्रत्येक पायरीला आधी उजवा पाय, मग डावा ओढून त्याच्याशेजारी. तू चढतेस तशी.

जवळ्याच्या शेडमध्ये तू पडलीस तेव्हा मी गादीच्या कडेला होतो. तू म्हणालीस, "दादा, गुडघ्यात काहीतरी तुटलं." आणि मी वाकून म्हणालो, "उठ, समदा गाव बघून राहिला." तू उठलीस, चाळीस सेकंद लढलीस, जिंकलीस. त्यानंतर तू कधी धावली नाहीस.

या वेळी मी 'उठ'सुद्धा म्हणालो नाही. तीन दिवस हातात होते. प्रमोदच्या कानात एक वाक्य घातलं असतं, तर त्याने तिला बाहेर बसवलं असतं. नऊ राष्ट्रं, आपलं घर, आपलं नाव. मी उशीवरून विनोद करत राहिलो.

हिरुनी काल गेली. आईने तिच्या पिशवीत गुळाच्या पोळ्या कोंबल्या आणि विमानतळावर वजन करतात हे कुणी तिला सांगितलं नाही. उशी अजून करुणाच्या गुडघ्याखाली आहे. सूज उतरत नाही. शुक्रवारी नांदेडला एमआरआय आहे.

डॉक्टर काय सांगतील याची काळजी आहेच. पण खरी भीती वेगळी. तिचा गुडघा तुझ्यासारखा झाला, तर तीही मला तुझ्यासारखंच कधीच काही म्हणणार नाही. "बरं बाबा" म्हणेल आणि फोन ठेवेल. ते मला आता सोसणार नाही.

जमलं तर शुक्रवारी नांदेडला ये. मला बोल लावायला आलीस तरी चालेल.

त्या दिवशी तुला 'उठ' म्हणालेला,
अमृतदादा