दादाचा डावा गुडघा

काळेवाडी,
२४ फेब्रुवारी १९७८

ती. दादास,
पाया पडून लिहितो की, रविवारी बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात तुझ्या कंपनीकडून तू आणि माझ्या कंपनीकडून मी आहे. तू नोकरीत कायम आहेस. मला कायम न करता तीनदा ब्रेक देऊन घरी बसवलं आणि नीलाला सातवा महिना आहे. काल साहेब म्हणाले, "कप आण आणि कायमची ऑर्डर घेऊन जा. नाहीतर खेळाडू पुष्कळ मिळतात, राव."

सरळ खेळून मी तुला कधीच हरवलेलं नाही. पण जिना उतरताना तुझा डावा गुडघा धरतो, हे घराबाहेर कोणाला माहीत नाही. डावीकडे जाळ्यालगत शटलचं फूल टाकत राहिलो, तर दुसऱ्या गेममध्ये तू खाली बसशील. अंगणात सुतळी बांधून शिकवताना आबा म्हणायचे, "दुसऱ्याच्या दुखऱ्या पायावर खेळणारा माझा पोरगा न्हाई."

म्हणून विनवतो, तू आपणहून हर. म्हणजे मला ते करावं लागणार नाही.

एवढं लिहिल्यावर कळलं, की पत्र मिळालं तर तू खरंच हरशील आणि जन्मभर बोलून दाखवणार नाहीस. म्हणून पाकिटावर पत्ता घातलेला नाही.

रविवारी गुडघ्याला पट्टी घट्ट बांधून ये.

तुझा धाकटा,
ज्योतीराम