बक्षिसाच्या बातमीतली सुमी

३ डिसेंबर, बुटीबोरी

आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीतल्या विलासने मोबाइल पुढे धरला. "पाय गा, आपल्या इकडच्या डॉक्टरले बाहेरदेशी मोठं बक्षीस भेटलं. साऱ्या जगातून निवडतेत."

सिकलसेलवरच्या कामासाठी. खाली आमच्या गावच्या रक्ततपासणीचा जुना फोटो. डॉक्टरने एका पोरीचं बोट धरलेलं. ती पोरगी म्हणजे माझी बहीण सुमी. अंगात माझा निळा शर्ट, बाह्या मीच दुमडून दिलेल्या.

त्याच आजाराने तिला जाऊन तीन वर्षं झाली. घरी तिचा एकही फोटो नाही. मला रडू यायला पाहिजे होतं ना? नाही आलं. बाह्याच पाहत राहिलो. मग भोंगा झाला, मशीनवर गेलो.

संध्याकाळी मायला फोन करून सुमीचा फोटो सापडल्याचं सांगितलं. सुई टोचल्यामुळे फोटोत सुमीचं तोंड रडवेलं आहे, तेही सांगायचंच होतं. पण तिनेच आधी विचारलं, "हासून राहिली का रे बाबू?"

"हो."

"मंग धाड लवकर."

अजून धाडला नाही. मोठा करून पाहतो, लहान करून पाहतो. दुमडलेल्या बाह्या नीट दिसतात. कुठूनच हसत नाही ती.