फोटोचा कोपरा

मैलापूर, चेन्नई

प्रिय श्रीरंजनी,

तुझे अप्पा रोज संध्याकाळी तुझी नवी पोस्ट घेऊन माझ्याकडे येतात. चिनी त्यांना येत नाही, मलाही नाही. फोन भाषांतर करतो, पण असं, की माझे संस्कृतचे नापास विद्यार्थी बरे वाटावेत. तरी पोंगलला आलीस तेव्हा अशा पोस्टी तूच वाचायला शिकवलंस. शेन्झेनच्या ऑफिसात तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी चिनीत कुरकुरते, कॉफी कडू, झोप नाही. मधेच बढतीचा शब्द तेवढा इंग्रजीत सांडते, शेवटी रडका चेहरा. आणि फोटोत कपामागे, पार कोपऱ्यात, नव्या गाडीची किल्ली. मजकूर रडतो, कोपरा मिरवतो. मी म्हटलं, अगं, ही तर आमची व्याजस्तुती! निंदेच्या आडून स्तुती. फक्त तेव्हा गाडी नव्हती. तू म्हणालीस, मामा, तुला सगळं आपल्याकडे आधीच झालेलं वाटतं.

पुढे तूही तरबेज झालीस. 'अय्यो' तमिळ, 'पुन्हा जादा काम' चिनी, आणि मागे भिंतीवरच्या खिळ्याला कंपनीचं ओळखपत्र. तो खिळा अप्पांनी अख्ख्या गल्लीला दाखवलाय.

गेल्या तीन पोस्टी मात्र उलट्या आहेत. मजकूर तिन्ही भाषांत हसतो, टीम छान, साहेब खूश. खिळा रिकामा. खिडकीत बुधवारचं भर दुपारचं ऊन, आणि तू घरात. अप्पांनी मजकूर वाचला, मी कोपरा.

तुला न सांगितलेली एक गोष्ट. शाळेने मला नोकरीवरून काढलं तेव्हा तीन महिने मी रोज डबा घेऊन शहराबाहेर, कोवलमच्या किनाऱ्याची बस धरायचो. होड्यांसमोर दहीभात खायचा, पाचला घरी, वर 'आज फार तास होते' अशी कुरकुर. एकदा तुझ्या आजीला डब्याच्या पिशवीत वाळू सापडली. दुसऱ्या दिवशी तिने डबा भरला नाही, एवढंच. म्हणाली, दुपारी घरीच जेव, रे.

तिच्याइतकं थोडक्यात मला जमत नाही, म्हणून हे पत्र. अप्पांना मी काही बोललेलो नाही. ते तूच सांग, पण इथे येऊन, मी शेजारी बसलेला असताना. सोबत माझ्या खोलीचा फोटो आहे. मजकूर तुमच्या पद्धतीचा: घरात पुस्तकांना जागा उरली नाही, अगदी कंटाळलो. कोपऱ्यात तुझी खाट दिसेल. तिच्यावरची सगळी पुस्तकं मी खाली उतरवली आहेत.

तुझाच,
वेंकोबामामा