आज मायनं काय वाचलं?

राळेगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी १९६९

चि. सौ. सत्यशीला हिला दादाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. जावईबापू मारोतराव गुरुजींना माझा जयभीम सांग, तुझ्या सासूबाईंनाही सांग. उमरखेडला थंडी कशी आहे, तुझा खोकला गेला की नाही, मागच्या खेपेला दिलेली तुरीची डाळ संपली का, हे सगळं कळव. तुझी कोकिळावहिनी मजेत आहे आणि तुझी आठवण काढते (विशेषतः पाणी भरताना).

पत्राच्या सुरुवातीला 'इकडील सर्व खुशाल' असं लिहायची रीत आहे, आणि तू तर ती इतकी पाळतेस की तुझ्या पत्रात खुशालीशिवाय दुसरं काही सापडतच नाही. मला मात्र यंदा तसं लिहिता येत नाही. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. उलट आजारी पडायची या घरात कुणाची हिंमत राहिलेली नाही. झालं आहे ते असं की आपली माय वाचायला शिकली आहे.

तुझ्या वर्गात होती ती शेजारची जया आठवते ना, दोन वेण्या घालून सगळ्यांच्या पाट्या पुसणारी? ती आता विहाराच्या ओसरीवर दिवेलागणीला बायांचा वर्ग घेते. माय दिवाळीपासून जाते. आधी मला वाटलं, दिवसभर कापूस वेचून आल्यावर चार बाया एकत्र बसतात, तेवढाच विसावा. पण मायनं एकामागून एक अक्षरं अशी धरली, की बाजारात कोंबडी सुद्धा कोणी इतकी घट्ट धरत नाही. एक जानेवारीला जयानं सगळ्यांना सांगितलं, नवीन वर्ष लागलं, आता संकल्प करा: रोज एक ओळ वाचायची, आठवड्याला एक चांगली गोष्ट पाहायची आणि तब्येतीचा एक तरी नियम पाळायचा. मायनं विचारलं, "नवीन साल कोनतं? पाडवा त आपण सोडला." जया म्हणाली, हे कॅलेंडरचं. तेव्हा माय म्हणाली, "मंग ठीक हाये, ते छापलेलं असते." आणि सगळ्यांसमोर तिनं आपला संकल्प सांगितला: "चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत माह्या सत्यशीलेचं पत्र मी माह्या डोळ्यानं वाचीन." बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही बाहेर उभा राहून वाजवल्या, कारण पुढं काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं.

अडचण अशी झाली की वर्गातलं पुस्तक संपलं आणि रोजची ओळ कुठून आणायची हा प्रश्न पडला. आपल्या घरात छापलेलं म्हणजे कॅलेंडर आणि चहाचा पुडा. कॅलेंडर झालं, पुडा झाला. मग मायला दवाखान्याची भिंत सापडली. ती भिंत तू पाहिलीच आहेस, पिवळी. तिच्यावर हल्ली कुणीतरी वरपासून खालपर्यंत आरोग्याचे नियम रंगवून ठेवले आहेत. माय शेतात जाताना तिथं थांबते, डोक्यावरची पाटी सांभाळत एक ओळ वाचते, दिवसभर कपाशीच्या ओळीत ती घोकते आणि संध्याकाळी घरात तिचा अंमल सुरू करते. मी म्हणालो, "माय, ते नुसतं लोकायले सांगासाठी लिवलं असते." ती म्हणाली, "लिवलं हाये म्हंजे करा लागते." तिचंही खरं आहे गं. आपल्या लोकांनी आजवर भिंतीवर, फाटकावर, विहिरीवर जे जे लिहिलेलं पाहिलं, तो कुणाचा तरी हुकूमच होता, आणि तो न पाळून कधी भागलं नाही. आता स्वतः वाचता येतंय म्हटल्यावर ती हुकमाची अंमलदार झाली, इतकंच.

पहिल्या दिवशी वाचलं, 'पाणी उकळून व गाळून प्यावे.' तेव्हापासून आपल्या घरातल्या पाण्याला धुराचा वास आहे आणि कोकिळेच्या हाताला गाळण्याचा. दुसरी ओळ होती हात धुण्याची, तिसरी नखांची. चौथीला लालसिंग सापडला. (हा लालसिंग म्हणजे तांड्यावरचा गाडीवान, सरकी काढायच्या आमच्या जिनात कापूस घेऊन येतो आणि वजनाच्या काट्यावर माझ्याशी दोस्ती झाल्यापासून आपल्याकडे चहाला थांबतो. चहा तो बशीतून पितो आणि बोलतो मात्र भांड्याभर.) मायनं त्याला अंगणातच उभं केलं, साबण दिला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नखं पाहिली आणि कोयता पुढं केला. आता तो बैल सोडण्याआधी फाटकातूनच ओरडून विचारतो, "आज मायनं काय वाचलं?" आणि उत्तर ऐकून मग आत यायचं की नाही ते ठरवतो. हा प्रश्न आता सगळ्या वस्तीनं उचलला आहे. मी जिनात गेलो की हमाल विचारतात, मारवाड्याच्या दुकानात गेलो की तोही विचारतो.

एस.टी. स्टँडवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणाचा बोर्ड लागला आहे, दोन किंवा तीन पुरेत म्हणून. तो मायनं वाचला त्या दिवशी लालसिंग नेमका समोर आला. त्याला सात पोरं आहेत. मायनं त्याला तिथंच भर रस्त्यात धरून बोर्ड वाचून दाखवला, अक्षरावर बोट ठेवून. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मायबाई, माहे सारे हा बोर्ड लावाच्या आंधीचे हायेत." मायनं विचार करून ते मान्य केलं.

आता माझं ऐक. भिंतीवर 'रोज सकाळी मोकळ्या हवेत चालावे' असं लिहिलं आहे. माय स्वतः रोज शेतापर्यंत जाऊन येते, तिला चालण्याचं नवल नाही. पण मी जिनाच्या काट्यावर बसून असतो आणि बसून बसून थोडा अंगानं भरलो आहे (थोडाच). हे मायला पटेना; भिंतीवरचं वाचून तिनं माझा चहाही दिवसाला एकावर आणला. एक दिवस ती माझा डबा घेऊन जिनात आली आणि हमालांना म्हणाली, याले काट्यावर चढवा. हमालांना अशा कामाला दोनदा सांगावं लागत नाही. त्यांनी मला बोऱ्यासारखं काट्यावर बसवलं आणि वजन पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं. शिवाय एकानं ओलीपोटी वजन किती कापायचं म्हणून विचारलं. तेव्हापासून मी पहाटे कळंबच्या रस्त्यानं चालतो. माझ्यामागं गावातली कुत्री चालतात. त्यांची तब्येत सुधारली आहे.

त्याच दिवशी जिनाच्या भिंतीवरचं 'बिडी ओढण्यास सक्त मनाई आहे' हेही तिनं वाचून काढलं. मी समजावलं की माय, ते जिनापुरतं आहे, कापसाला आग लागू नये म्हणून. ती म्हणाली, "अन् छातीत काय कापूस कमी हाये?" मग काय, सोडली बिडी. अगदी सोडली. संध्याकाळी बकरीच्या गोठ्यामागं जाऊन थोडा वेळ दीर्घ श्वास घेतो, त्यानं फार बरं वाटतं.

राहिला संकल्पातला तिसरा भाग, आठवड्याला एक चांगली गोष्ट पाहण्याचा. कापसाचा हंगाम आला की जिनामागच्या वावरात तंबूतला सिनेमा येतो, तो यंदाही आलाय. माय म्हणाली, चला. कोकिळेला एवढा आनंद झाला की तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. आम्ही बायांच्या बाजूच्या कनातीला लागून बसलो. पडद्यावर आधी काचेवर लिहिलेल्या सूचना येतात ना, त्यातली पहिली आली. माय उभी राहिली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "तं... बू... त..." एवढ्यात ती पाटी गेली आणि दुसरी आली. माय ओरडली, "थांब ना रे बाबू! माहं वाचून व्हाचं हाये!" पुरुषांच्या बाजूनं हशा झाला, शिट्ट्या झाल्या. पण मशीनवाला कुणी भला माणूस असावा. त्यानं पहिली पाटी परत लावली आणि तशीच ठेवली. सगळा तंबू गप्प. माय एकेक अक्षर करत गेली, आणि शेवटी एका दमात म्हणाली, "तंबूत थुंकू नये!" सत्यशीला, तंबूभर टाळ्या पडल्या गं. जयाच्या वर्गातल्या बाया जिथं तिथं बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी बिडीचा धूर गेला म्हणून सांगितलं असतं, पण बिडी सोडलेली. ही आपली माय, जिनं आयुष्यभर अंगठा उठवला आणि तो उठवताना कागदावर काय लिहिलंय ते कधी विचारलं नाही. मला फार भरून आलं आणि तुझी फार आठवण आली.

मग खेळाची नावं सुरू झाली. ती मायनं जमेल तशी वाचली, तिच्याबरोबर बायांची अर्धी बाजू वाचत होती, शाळेत पाढे म्हणतात तशी. नावं संपली, बाजा वाजला, पडद्यावर एक बाई नदीवर घागर घेऊन आली, आणि माय पदर खोचून उठली. म्हणाली, "झालं वाचून. चला घरी." मी म्हटलं, माय, सिनेमा आता सुरू होते! ती म्हणाली, "पुढं काई लिवलेलं नाई ना?" गेल्या तीन आठवड्यांत मी तीन सिनेमांची सुरुवात पाहिली आहे. त्या घागरवाल्या बाईचं पुढं काय झालं ते मारोतरावांना माहीत असेल तर कळवावं, कोकिळा माझ्याशी धड बोलत नाही.

आता तुझ्या संक्रांतीच्या पत्राचं सांगतो. ते आलं तेव्हा नेहमीसारखं मी अंगणात बसून मोठ्यानं वाचलं. लालसिंग होता, जयाची आई होती, कोकिळा चुलीपासून कान देऊन होती. पत्र आपल्या घरी आलं तरी ते सगळ्या वस्तीचं असतं, हे तुला ठाऊकच आहे. 'आम्ही सर्व खुशाल आहोत, सासूबाई खुशाल आहेत, काळजी नसावी.' मायनं विचारलं, "इतकंच?" दरवेळी ती हेच विचारते आणि मी दरवेळी म्हणतो, इतकंच. मग तिनं पत्र माझ्या हातून घेतलं, कंदिलाजवळ नेलं आणि स्वतः वाचायला बसली. पण तुझं अक्षर बारीक, त्यात गुरुजींच्या घरात गेल्यापासून ते जास्तच वळणदार झालं आहे. खाली सही केलेल्या तुझ्याच नावापाशी तिची गाडी अडली. छापलेलं जोडाक्षर ती अंदाजानं काढते, तुझ्या अक्षरातलं तिला अजून येत नाही. ती जाम चिडली. दीक्षेनंतर आपली नावं बदलली, तेव्हा मला विचारलं असतं तर सोपी ठेवली असती म्हणाली. तुझं आधीचं सकू कसं सरळ होतं, आणि माझं उकंडा तर काय, पहिल्याच आठवड्यात जमलं तिला. धर्मपालमधला तो डोक्यावरचा आकडा तिला पटत नाही. पत्र मात्र तिनं परत दिलं नाही, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आहे. म्हातारपणी माणूस कसल्या हट्टाला पेटतं बघ. मी वाचून दाखवायला घरात बसलो असताना हिला एवढी यातायात कशाला?

असो. उजेड कमी झाला, आवरतो. तब्येतीला जप. उकळलेलं पाणी पीत जा (मला हे लिहायला सांगितलं आहे). सर्वांना जयभीम.

तुझा,
धर्मपालदादा

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. पुढचं पत्र मायच्या नावानं पाठव. पाकिटावर 'कांताबाई' असं मोठं लिही. आजवर पोस्टमननं तिच्या नावानं कधी हाक मारलेली नाही, आणि ती आता रोज त्याला वाटेत गाठून विचारते. अक्षर मोठं काढ आणि जोडाक्षर टाळ.

ता. क. २. आणि ऐक, खरं काम हे आहे. तिच्या मते लिहिलं म्हणजे करावं लागतं. तर त्या पत्रात तू एवढंच लिही, की धर्माला चहा दिवसातून तीनदा चालतो, पहाटे चालण्याची गरज नाही आणि सिनेमा शेवटपर्यंत पाहिल्यानं डोळे चांगले राहतात. मारोतराव मास्तर आहेत, त्यांचं नाव खाली घातलंस तर अधिक बरं. हे पत्र मायच पेटीत टाकणार आहे, कारण पेटीवरची वेळ तिला वाचायची आहे. काळजी करू नकोस, माझं अक्षर तिला अजून लागत नाही.

सकू,

हे मी लिवलं. जया बाजूले बसली, पन हात माहा हाये.

उकंडाचं लिवलेलं मले लागते. सारं वाचलं. दोन दिस लागले. मनून पत उशिरा टाकलं.

तो बिडी ओढते. गोठामागं. मी पायलं. मी काई बोलली नाई.

तू लिवते खुशाल, खुशाल. दादा वाचते, सारं अंगन आयकते. पोरगी भावाचे तोंडानं मायले काय सांगन. मनून मी शिकली.

आता माहे नावानं लिव. मोठं मोठं लिव. सासू कशी बोलते. पोटाले पुरते का. रातचं रडू येते का. सारं लिव. मी कोनाले दाखवनार नाई. मी वाचीन.

चालनं सोडू नोको मनाव उकंडाले.

तुही माय
कांताबाई