पॅनलमागचा हातभर मुरूम

आबा, परवा मी उभी भिंत उकलायला लावली. साताऱ्याकडं हायवे रुंद होतोय, तिथल्या उड्डाणपुलाच्या चढाच्या भिंतीचं कंत्राट माझ्याकडं आहे. तुम्ही पाहिली असती तर हसला असता. बाहेरून काँक्रीटचे पातळ पॅनल, मागं दाबलेल्या मुरमाचे थर, आणि थरांच्या मधून पॅनलला अडकवलेल्या लांब पट्ट्या. मुरमाचं वजन पट्टीला धरतं, पट्टी पॅनलला धरते. मोठा रोलर फार जवळ नेला तर पॅनल बाहेर सरकतो, म्हणून कडेचा हातभर भाग हातानं चालवायच्या छोट्या मशीननं ठोकायचा. माणसाला कंटाळा येतो तो नेमका तिथंच. मी खालून चाललो होतो आणि मशीनचा आवाज बदलला. टणटण चाललेलं एकदम बदबद व्हायला लागलं. सुपरवायझर फलटणकडचा, माझ्याकडं बरीच वर्षं आहे. म्हणाला, "आवं मालक, टेस्ट पास झाल्यात. तुमच्या कानाला काय सरकारी शिक्का हाय व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. मग विचारलं, "टेस्ट कुठली घेतलीस? मधली का कडेची?" त्यानं बोट मधल्या भागाकडं केलं. कडेला पहार घातली तर न दाबता कोपरभर आत गेली.

तुमचीच पहार आठवली. उताराच्या रानाची माती अडवायला आपण दगडी ताल घालत होतो. माझं नुकतंच लग्न झालेलं, सांगलीला जायची घाई. तालाच्या पोटात दगडाच्या चिपा ठासून बसवायच्या, तर मी माती कोंबून वरून दगड रचले. तुम्ही पहार आपटत आलात, कान तिरका करून. "पोटात माती घातलीस व्हय रं? पाणी प्याली की फुगंल ही." आई भाकरी घेऊन आलेली. तुम्ही तिला झाडाखाली बसवलंत आणि तेवढा ताल स्वतःच्या हातानं उपसलात. मला एक शिवी दिली नाही. मग बाभळीकडच्या टोकाला येऊन थकून टेकलात आणि विचारलंत, "हितं चांगलं भरलंस न्हवं?" मी म्हणालो, "व्हय." तुम्ही पहार न आपटताच खांद्यावर टाकली.

परवा चार थर काढले, पट्ट्या मोकळ्या केल्या. खालून गाड्या जाणार, दुसरा विचार करायचा प्रश्नच नव्हता. मग सुपरवायझरला विचारलं, "पुढच्या पॅनलमागं?" तो म्हणतोय, "तिथं मी स्वतः उभा हुतो, मालक. पक्कं हाय." डोळ्याला डोळा देऊन म्हणतोय. मी म्हणालो, "तेही काढ." काढलं. दगडासारखं घट्ट निघालं. त्यानं टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. संध्याकाळी चहाला माझ्याजवळ बसतो रोज, त्या दिवशी लांब बसला.

आबा, बाभळीकडं मातीच होती. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात ताल तिथंच फुटला, आणि गावात मी सांगितलं की मेंढरं चढली. त्या माणसाला हे सांगायला हवं होतं, म्हणजे त्याला कळलं असतं की त्याच्या तोंडून मी खोटं कुणाचं ऐकत होतो. उद्या सांगीन म्हणतो. हा कागद घडी करून खिशात ठेवतोय. उद्या सांगीन म्हणून मी कालही असाच एक ठेवला होता.